जुळणी कामगारांना ‘हेल्पर’ म्हणून नोंदवणे थांबवा : एक खुले पत्र

प्रति,
गोव्यातील विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उत्पादनांच्या कारखान्यांचे व्यवस्थापक,
तसेच राज्याच्या कामगार, कौशल्य विकास आणि उद्योग खात्यांतील संबंधित अधिकारी यांस

विषय : इलेक्ट्रोमेकॅनिकल असेंब्ली (विद्युत आणि यांत्रिक भागांची जुळणी) करणाऱ्या नवख्या कामगारांची वर्गवारी, प्रशिक्षण आणि नेमणूक

महोदय,

मी सत्तरी तालुक्यातील आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून सध्या दक्षिण गोव्यातील एका औद्योगिक वसाहतीत असेंब्लर म्हणून काम करते. आमच्या कारखान्यात कंट्रोल पॅनेल आणि वायर हार्नेस, म्हणजे वायरींचे बांधलेले जुडगे, तयार होतात. काही दिवसांपूर्वी सूचनाफलकावर एक कागद लागला. ज्यांचा ‘ट्रेनी’ कालावधी संपत आला आहे त्यांना मुदत संपताच मोकळे केले जाईल, यापुढे या कामासाठी कंत्राटदारामार्फत ‘हेल्पर’ घेतले जातील, आणि आमच्यापैकी ज्यांना पुढे काम करायचे असेल त्यांनी त्या कंत्राटदाराचा फॉर्म भरावा, असे त्यात लिहिले होते. टेबल तेच, हत्यारे तीच, ड्रॉइंगही तेच राहणार आहे. बदलणार आहे ते आमचे पद आणि पगार देणारा माणूस. हा निर्णय मला निमूटपणे मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कारखान्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण माझ्याबरोबर शिकलेले आणि आता राज्याच्या निरनिराळ्या वसाहतींत काम करणारे मित्रमैत्रिणी थोड्याफार फरकाने हेच सांगत आहेत.

आम्ही या कामाकडे कसे वळलो हे आधी सांगणे गरजेचे वाटते. माझे वडील खाणीच्या ट्रकवर चालक होते. २०१२ साली खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर १६ मार्चपासून पुन्हा उत्खनन थांबले. सत्तरी, डिचोली, सांगे, केपे या तालुक्यांतल्या कितीतरी घरांची मिळकत त्या दिवशी थांबली. त्या वेळी शाळेत असलेल्या आमच्या पिढीला सगळ्यांनी एकच सल्ला दिला की खाणीचा भरवसा धरू नका, पर्यटनाचे काम हंगामापुरते असते, हाताला कसब लागेल असे काहीतरी शिका. आम्ही तो सल्ला मानला. होंडा, डिचोली, पेडणे, फर्मागुडी, काकोडा येथील आयटीआयमध्ये प्रवेश घेणाऱ्या अनेक मुलामुलींच्या मागे हीच गोष्ट आहे. शिकून, प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलांची नोंद जर ‘हेल्पर, अकुशल’ अशी होणार असेल, तर त्या सल्ल्याला काय अर्थ राहिला?

आता प्रत्यक्ष कामाविषयी लिहिते, कारण आमची वर्गवारी ठरवणाऱ्यांपैकी किती जणांनी हे काम जवळून पाहिले असेल याबद्दल मला शंका आहे. कंट्रोल पॅनेल म्हणजे बाहेरून एक लोखंडी कपाट असते. त्याच्या आत डिन रेलवर, म्हणजे धातूच्या पट्टीवर, एमसीबी, कॉन्टॅक्टर, रिले असे वेगवेगळे स्विच आणि पॉवर सप्लाय बसवलेले असतात आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी पीव्हीसीच्या चॅनलमधून नेलेल्या असतात. वायरिंगचे ड्रॉइंग वाचून प्रत्येक वायर योग्य लांबीची कापायची, तिच्या दोन्ही टोकांना नंबराचे फेरूल (छोटे कडे) चढवायचे, वरच्या इन्सुलेशनचे सालपट काढायचे, टोकावर लग (धातूची छोटी नळी) क्रिंप करायचा, म्हणजे हत्याराने दाबून बसवायचा, आणि ठरलेल्या टर्मिनलवर ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, स्क्रू आवळायचा, असा हा क्रम असतो. सांगायला सोपा वाटतो. पण सालपट काढताना आतल्या तारांपैकी दोन-तीन तुटल्या तर ती वायर तेवढा प्रवाह सहन करू शकत नाही. लगच्या नळीत इन्सुलेशनचा थोडासा भाग दाबला गेला तरी वरून क्रिंप अगदी नीट दिसतो. वायर हाताने ओढून पाहिली तरच ती सुटते. स्क्रू सैल राहिला तर त्या जागी विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध वाढतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो सांधा हळूहळू तापत जातो, इन्सुलेशन काळे पडते आणि कधीतरी पेट घेते. स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला तर टर्मिनलला तडा जातो. म्हणून आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून टर्मिनलपर्यंत रंगाच्या पेनने एक रेघ ओढतात. पुढे कधी स्क्रू हलला तर ती रेघ तुटलेली दिसते. ही रेघ म्हणजे असेंब्लरने आपल्या कामाची दिलेली हमी असते, आणि ती ओढताना माझा हात अजूनही क्षणभर थांबतो.

सर्किट बोर्डाचे काम आणखी नाजूक आहे. शिसे असलेला नेहमीचा ६३/३७ सोल्डर, म्हणजे भाग बोर्डाला जोडणारा मिश्रधातू, १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, तर शिसेविरहित सोल्डरला साधारण २१७ अंशांच्या पुढे जावे लागते. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, त्याहून बरीच जास्त गरम ठेवावी लागते, आणि ती पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, गरजेपेक्षा क्षणभर जास्त टेकली तर पॅड बोर्डावरून उचलला जातो. कमी टेकली तर वरून चकचकीत दिसणारा, पण आतून न धरलेला सांधा तयार होतो. स्थिर विद्युतभाराचेही तसेच आहे. बोटाला चटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, पण काही घटक शंभर व्होल्टपेक्षा कमी भारानेही निकामी होतात. म्हणजे जे नुकसान आपल्याला जाणवतही नाही ते टाळण्यासाठी मनगटाला तो भार जमिनीत वाहून नेणारा पट्टा बांधून बसण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते. इलेक्ट्रॉनिक जुळणी स्वीकारण्याजोगी आहे की नाही हे ठरवण्यासाठी आयपीसी-ए-६१० हे मानक जगभर वापरले जाते आणि वायर हार्नेससाठी ए-६२० हे मानक आहे. ग्राहकाचे तपासनीस आमचे काम या मानकांवर तपासतात. कामगाराची नोंद करताना मात्र कोणताच निकष लावला जात नाही.

वेतन संहिता, २०१९ मध्ये किमान वेतन ठरवताना अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल अशा वर्गांचा विचार करण्याची तरतूद आहे. ड्रॉइंग वाचणे, मोजमाप घेणे, मल्टिमीटरने कंटिन्यूइटी, म्हणजे जोडणी अखंड आहे का, हे तपासणे आणि स्वतःच्या कामातील दोष ओळखणे ज्या कामात अपेक्षित आहे ते काम अकुशल कोणत्या अर्थाने? ट्रॉली ढकलणे, खोकी उचलणे हेही कष्टाचे काम आहे आणि ते करणाऱ्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण दोन्ही कामांची एकाच पदाखाली नोंद करण्यामागे एकच कारण दिसते, ते म्हणजे सर्वांत खालच्या दराने पैसे देता यावेत. त्याचा फटका केवळ आजच्या पगाराला बसत नाही. वर्षभर हार्नेस करून बाहेर पडलेल्या मुलीच्या अनुभवपत्रावर ‘हेल्पर’ लिहिलेले असेल, तर पुढच्या कारखान्यात तिची सुरुवात पुन्हा तळापासूनच होते.

प्रशिक्षणाबद्दलची माझी तक्रार याहून गंभीर आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ प्रमाणे अप्रेंटिस घ्यायचा तर करार नोंदवावा लागतो, प्रशिक्षणाचा कार्यक्रम ठरलेला असतो, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र असते. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये किमान विद्यावेतन ठरवले गेले आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली सरकार त्यातला पाव हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, स्वतः उचलते. म्हणजे या शिक्षणासाठी जनतेचा पैसाही खर्च होतो. याच कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार प्रशिक्षण सल्लागाराच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला जादा वेळ कामावर ठेवता येत नाही, आणि ती मंजुरीदेखील प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच द्यायची आहे. महिनाअखेरीस माल पाठवायची घाई असताना अप्रेंटिसची मुले दोन-दोन तास थांबवली जातात, त्यात प्रशिक्षणाचे कोणते हित असते?

त्यातही ‘अप्रेंटिस’ आणि ‘कंपनी ट्रेनी’ यांत फरक आहे आणि तो नव्याने येणाऱ्या मुलांना कुणी समजावून सांगत नाही. ट्रेनीच्या कागदाला कुठल्याही पोर्टलवर नोंद नसते, कार्यक्रम नसतो, परीक्षा नसते, प्रमाणपत्र नसते. मला सुरुवातीला सांगितले होते की कटिंग, क्रिंपिंग, वायरिंग, सोल्डरिंग आणि शेवटी टेस्टिंग अशा सर्व टेबलांवर फिरवून शिकवले जाईल. प्रत्यक्षात क्रिंपिंगवर हात बसला म्हणून मला तिथेच ठेवले गेले. दिवसाचा आकडा पूर्ण होतो तोपर्यंत लाइन लीडरला बदल नको असतो, आणि त्याच्यावरही वरून दबाव असल्यामुळे मी त्याला दोष देत नाही. टेस्टिंग बेंचवर मला अधूनमधून उभे राहता आले, तेही कुणी रजेवर असताना. मुदत संपत आली तशी नव्या मुलींना शिकवण्याची जबाबदारी मात्र आमच्यावर आली. लग कसा धरायचा, दाब पूर्ण झाल्याचा खटका कसा ओळखायचा, कुठल्या वायरीला कुठले हत्यार, हे आम्ही त्यांना शिकवले. शिकवण्याइतके कसब आमच्या हातात आहे हे व्यवस्थापनाला मान्य आहे. मग तेच कसब पगारपत्रकावर का उतरत नाही?

सुरक्षिततेबाबत तीन गोष्टी सांगते. सोल्डरिंग करताना फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रव्याचा, धूर उठतो. राळेच्या फ्लक्सचा धूर वारंवार श्वासावाटे गेल्याने दमा जडू शकतो, ही वैद्यकशास्त्राला चांगली माहीत असलेली बाब आहे. टेबलावर धूर ओढणारे यंत्र असते, पण त्याचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर ते यंत्र केवळ आवाज करते. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून आसनांची सोय असावी, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमात स्पष्ट लिहिले होते. आमच्या वायरिंगच्या जागेवरचे स्टूल पाहुणे येतात तेव्हा दिसतात आणि नंतर नाहीसे होतात. आणि पॅनेलची उच्च विद्युतदाबाची चाचणी चालू असते त्या जागेभोवती दोरी, फलक आणि जबाबदार माणूस हवा, तिथे नवख्याला ‘जरा बटण दाब’ म्हणून उभे करणे जिवावर बेतू शकते. या बाबतीतल्या सूचना मराठीत किंवा कोकणीत, आणि परराज्यांतून आलेल्यांसाठी हिंदीत लावल्या जाव्यात. इंग्रजी कागदावर सही घेतल्याने कुणी सुरक्षित होत नाही.

दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. त्या वेळी सत्तरीकडे जाणारी बस मिळत नाही. कंपनीची गाडी मुख्य रस्त्यावरच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत जाते आणि तिथून पुढे घरचे कुणी न्यायला आले तरच आम्ही घरी पोचतो. पावसाळ्यात घाटाकडच्या रस्त्यांवर वीज गेलेली असते, झाड पडलेले असते. या एका कारणासाठी माझ्या ओळखीच्या दोघींनी काम सोडले, आणि त्यांच्याबद्दल ‘गोव्याची मुले कारखान्यात टिकत नाहीत’ असे म्हटले गेले. हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी मला त्याचा राग आला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. हे पत्र बाहेरून आलेल्या कामगारांविरुद्ध नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर ओडिशाची, बिहारची, कर्नाटकाची मुले काम करतात. भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहून, घरी पैसे पाठवून त्यांच्याकडे जे उरते ते आमच्यापेक्षाही कमी असते, आणि कंत्राटदार बदलला की त्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा हिशेब कुठे अडकतो हे त्यांना समजत नाही. चतुर्थीच्या तोंडावर काही दिवसांचा ‘ब्रेक’ देऊन सेवेचा सलगपणा तोडला जातो, तो त्यांचाही तोडला जातो. कायद्यात २४० दिवसांच्या सलग सेवेला महत्त्व आहे, हे ब्रेक देणाऱ्यांना पुरते ठाऊक असते.

व्यवस्थापनाची बाजू मी ऐकली आहे आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ऑर्डरी कमीजास्त होतात, बाहेरच्या देशातून येणारा घटक अडकला की पूर्ण लाइन थांबते, कायम माणसांचा भार सर्वकाळ पेलता येत नाही, असे सांगितले जाते. पण यावर उपाय कायद्यानेच देऊन ठेवला आहे. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची तरतूद आहे. अशा कामगाराला त्याच कामावरील कायम कामगाराइतकेच वेतन व सुविधा मिळतात आणि वर्षभराच्या सेवेनंतर उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क मिळतो. शिवाय प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. कामाचा अंदाज वर्षभराचाच असेल तर कारखान्याने स्वतः वर्षभराची नेमणूक द्यावी. मध्ये कंत्राटदार आणून तेच काम करून घेण्याची गरज राहत नाही, आणि उत्पादनाचा गाभा असलेले काम कंत्राटी कामगारांकडून करून घेण्यावर संहितेने मर्यादाही घातलेली आहे. जुळणी हा आमच्या कारखान्याचा गाभा नसेल, तर गाभा कशाला म्हणायचे?

म्हणून माझ्या आणि माझ्या सहकाऱ्यांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

कारखान्यांच्या व्यवस्थापनाकडे : वायरिंग, क्रिंपिंग, सोल्डरिंग आणि टेस्टिंग करणाऱ्या कोणाचीही ‘हेल्पर’ म्हणून नोंद करू नये, सुरुवातीला किमान अर्धकुशल आणि आयटीआय प्रमाणपत्र असल्यास कुशल वर्गात घ्यावे. ट्रेनी नावाचा वेगळा प्रकार बंद करून शिकणाऱ्याला अधिनियमाखालील अप्रेंटिस म्हणून नोंदवावे, त्याला सर्व टेबलांवर फिरवण्याचे वेळापत्रक लेखी द्यावे आणि ते पाळले गेल्याची सही त्याच्याकडून घ्यावी. मुदत पूर्ण झालेल्यांमधून किती जणांना आणि कोणत्या निकषांवर घेणार, याचे धोरण फलकावर लावावे. अप्रेंटिसना नोकरी देणे बंधनकारक नाही हे आम्हाला माहीत आहे, पण भरतीचे धोरण ठरवणे मालकाकडून कायद्याला अपेक्षित आहे. अनुभवपत्रावर प्रत्यक्ष केलेल्या कामाचे वर्णन असावे. दुसऱ्या पाळीची गाडी गावापर्यंत, निदान तालुक्याच्या ठिकाणापर्यंत जावी.

कामगार आणि कौशल्य विकास खात्यांकडे : पगारपत्रकावरचे पद आणि टेबलावरचे काम जुळते की नाही याची तपासणी प्रत्यक्ष कामाच्या जागी येऊन, कामगारांशी व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत बोलून करावी. अप्रेंटिसच्या जादा वेळेला मंजुरी घेतली होती का, हे हजेरीच्या नोंदींवरून पाहावे. किती मुलांची प्रशिक्षणासाठी नोंद झाली हे दर वर्षी सांगितले जाते. त्यांच्यापैकी किती जणांना परीक्षेनंतर त्याच कामावर नेमणूक मिळाली तेही प्रसिद्ध करावे.

उद्योग खात्याकडे : पेडणे तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनासाठी संकुल उभारण्याचे ठरले, तेव्हा स्थानिकांच्या रोजगाराचा मुद्दा पुढे केला गेला होता. अशा ठिकाणी भूखंड आणि सवलती देताना रोजगारांची नुसती संख्या न विचारता ते रोजगार कोणत्या पदाचे, थेट की कंत्राटदारामार्फत, हे लेखी घ्यावे आणि सवलत त्याला बांधावी.

आमच्या कारखान्यातील त्या सूचनेची अंमलबजावणी या महिन्याच्या अखेरीस होणार आहे. ती स्थगित ठेवून संबंधितांनी आमचे म्हणणे ऐकावे, ही तातडीची विनंती आहे. मी कंत्राटदाराचा फॉर्म भरलेला नाही आणि भरणार नाही. आमच्यापैकी काहींनी घरच्या अडचणींमुळे तो भरला आहे. त्यांच्या सहीचा अर्थ त्यांना हा निर्णय मान्य आहे असा लावला जाऊ नये. आम्ही निवेदनाची प्रत, ड्रॉइंग वाचून स्वतः तयार केलेल्या हार्नेसचा एक नमुना आणि आमची प्रमाणपत्रे घेऊन कुठल्याही कार्यालयात यायला तयार आहोत. वेळ शक्यतो सकाळची द्यावी, कारण दुपारी तीनला आमची पाळी सुरू होते.

आपली विश्वासू,
एक असेंब्लर
सत्तरी, गोवा